दोन डोळ्यांचं दूध

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तीन दिवस झाले होते. गॅसजवळ जायची आईला अजून बंदी होती, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसली होती आणि मी दूध तापवत होते. साय धरू लागली तशी ती उठून उभी राहिली. आधी डाव्या डोळ्यापुढे तळहात आडवा धरला, मग उजव्या डोळ्यापुढे, मग पुन्हा डाव्या. असं चार-पाच वेळा करून म्हणाली, "अगं, या डोळ्यानं दूध दिसतंय आणि त्या डोळ्यानं बासुंदी."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी व्हायचं होतं. तोवर तिच्या एकाच कपाळाखाली जुनं जग आणि नवं जग शेजारी शेजारी नांदत होतं. असं उपकरण कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ती दिवसभर तुलना करत बसे. गोकर्णीचं फूल, पेपरचा कागद, समईची ज्योत, दोरीवर वाळत घातलेला बाबांचा सदरा. नव्या डोळ्याला तो सदरा निळसर दिसे. "नीळ जास्त पडलीय का?" असं तिनं मला दोनदा विचारलं. आमच्या घरात नीळ आणून कितीतरी वर्षं झाली आहेत.

तिच्या डोळ्यातून जे भिंग काढलं, ते तिच्याइतकंच जुनं होतं. खरं तर तिच्या वाढदिवसापेक्षाही थोडं जुनं. आईच्या पोटात गर्भ दुसऱ्या महिन्यात असतानाच भिंगाचे पहिले तंतू तयार होतात. पुढे आयुष्यभर त्यांच्यावर नवे थर चढत राहतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे, आणि जुने थर आत दाबले जातात. आपली कातडी झडते, रक्तातल्या पेशी बदलतात, पण भिंगाच्या गाभ्यातलं काही झडत नाही आणि काही बदलत नाही. प्रकाश आरपार जावा म्हणून तिथल्या पेशींनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. जी प्रथिनं गर्भात घडली, तीच सत्तराव्या वर्षी तिथे असतात. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा माग भिंगात शोधून माणसाचं जन्मवर्ष सांगता येतं, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. तिथल्याच शास्त्रज्ञांनी पुढे याच युक्तीनं ग्रीनलंड शार्क माशांची वयं काढली. सर्वांत मोठी मादी निदान २७२ वर्षांची निघाली. तिच्या भिंगाचा गाभा पेशवाई पाहिलेल्या जगातला होता.

इतकी वर्षं न बदलता राहणाऱ्या प्रथिनांवर ऊन पडतं, साखर चिकटते, ती पिवळी पडतात, पुढे तपकिरी होतात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात. त्या गुठळ्या प्रकाश विखुरतात. तोच मोतीबिंदू. पिवळं भिंग सगळ्यांत आधी निळा प्रकाश अडवतं, पण हे इतकं सावकाश घडतं की मेंदू रोज थोडं थोडं जमवून घेतो आणि समोर येईल त्यालाच पांढरं म्हणतो. म्हणून बासुंदीसारखं पिवळसर दूध आईला कित्येक वर्षं दूधच दिसलं. भिंग बदललं तरी मेंदूची ती तडजोड लगेच सुटत नाही. पिवळेपणा वजा करायची सवय तशीच चालू राहते, आणि पांढऱ्या सदऱ्याला नीळ लागते.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं हेच झालं. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सगळं फार निळं दिसतं म्हणून तो हैराण झाला, रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहू लागला. रंगांवर ज्याचं आयुष्य उभं होतं त्याला स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवता येईना. त्या काळी काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत, त्यामुळे एरवी भिंग अडवतं तो अतिनील प्रकाशही थोडाफार आत शिरत असे. आताच्या कृत्रिम भिंगांत तो अडवायची सोय असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची. बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास एक छेद, भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी, मग सेकंदाला चाळीस हजारांच्या घरात कंपनं करणारी सुई आतला गर फोडत शोषून घेते आणि घडी घातलेलं नवं भिंग त्याच रिकाम्या पिशवीत उलगडतं. या पिशवीचा मागचा पापुद्रा मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतका जाड असतो. डोक्याचा केस त्याच्या पंधरापट तरी जाड भरेल. अशा पापुद्र्याला धक्का न लावता त्याच्या पुढचा कठीण गर काढायचा, हे रोज शेकडो ठिकाणी घडतं आणि आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. मला अजून वाटतं.

पण दिसणं त्या पंधरा मिनिटांत परत येत नाही. ते थराथरानं येतं आणि प्रत्येक थराचं घड्याळ वेगळं असतं.

पहिलं घड्याळ पारपटलाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचं. पट्टी काढली तेव्हा आई म्हणाली, "उजेड आला, पण धुकं आहे." मला धास्ती वाटली होती. डॉक्टर शांत होते. पारपटलाच्या आतल्या बाजूला षटकोनी पेशींचा एकच थर असतो, मधाच्या पोळ्यासारखा. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी. पारपटल सतत पाणी शोषून फुगायला बघतं आणि या पेशी ते पाणी रात्रंदिवस बाहेर उपसतात. उपसा चालू आहे तोवर काच पारदर्शक. सुईची कंपनं, डोळ्यात फिरणारं पाणी, गराचे उडणारे तुकडे यांनी त्या पेशी शिणतात, काही मरतात, आणि दोन-चार दिवस काच किंचित फुगते. धुकं दिसतं ते त्यामुळे. उरलेल्या पेशी पसरून मोकळी जागा व्यापतात आणि उपसा पुन्हा लागतो. गेलेल्या पेशींच्या जागी नव्या मात्र येत नाहीत. जन्माला येताना मिळालेला साठा मरेपर्यंत पुरवायचा असतो.

म्हणून "मोतीबिंदू पिकू दे, मग काढू" हा सल्ला आता जुना झाला आहे, आणि घराघरांत तो अजून दिला जातो याचं मला वाईट वाटतं. पिकलेला मोतीबिंदू दगडासारखा तपकिरी होतो. तो फोडायला जास्त ताकद लागते आणि त्याची किंमत त्या पेशी मोजतात. पूर्वी पिकू द्यावा लागे, कारण अख्खं भिंग बाहेर काढायचं तंत्र तसं होतं. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, की डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली.

सुश्रुतसंहितेत या विकाराला लिंगनाश म्हटलं आहे आणि त्यावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. जवाच्या टोकासारख्या अग्राची शलाका डोळ्यात घालून गढूळ भिंग वाटेतून बाजूला सारायचं. मला त्याहून विलक्षण वाटते ती नंतरची काळजी. तुपाची पट्टी, धूळ आणि धूर नसलेली खोली, उताणं निजणं, आणि त्या काळात शिंक नको, खोकला नको, ढेकर नको, थुंकणंसुद्धा नको. डोळ्यात दाब असतो आणि शिंकेनं तो एकदम चढतो, हे मोजायचं साधन नसताना कुणीतरी रोगी पाहून पाहून ओळखलेलं होतं.

माझ्या आजीचं ऑपरेशन मी सहा-सात वर्षांची असताना झालं. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि मला तिच्याजवळ बोलायचीही परवानगी नव्हती, तिला हसू येईल म्हणून. तो छेद मोठा, टाक्यांचा. आताचा छेद तिरपा, बोगद्यासारखा कापलेला असतो. डोळ्यातला दाबच त्याचं आतलं झाकण मिटून धरतो. ज्या दाबाची सुश्रुतांच्या शिष्यांना भीती होती, तोच आता टाक्याचं काम करतो, आणि आई त्याच दुपारी रिक्षातून घरी आली.

आजीला मग जाड भिंगांचा चष्मा मिळाला. डोळ्यातलं भिंग गेलं होतं, त्याची भरपाई नाकावर. त्या चष्म्यातून सगळं एक चतुर्थांशानं तरी मोठं दिसतं आणि मोठं दिसतं ते जवळ वाटतं. ती कपाच्या अलीकडेच मूठ मिटायची. दाराची चौकट तिला वाकलेली दिसायची. बाजूनं येणारं माणूस एकदम कुठूनतरी उगवायचं, कारण जाड भिंगाच्या कडेशी एक आंधळं कडं राहतं. आम्हा मुलांना ती म्हातारपणानं चाचपडते असं वाटे. ती चष्म्याच्या गणिताशी झगडत होती, हे मला समजेपर्यंत ती गेली होती.

भिंग डोळ्याच्या आतच बसवायची कल्पना लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचं पर्स्पेक्सचं छप्पर फुटून तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले होते. रिडलींना दिसलं की डोळा त्या तुकड्यांना निमूट सामावून घेतो, चिडत नाही. पुढे एका विद्यार्थ्यानं मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहून विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी पर्स्पेक्सचं पहिलं भिंग बसवून पाहिलं. भिंग डोळ्यानं स्वीकारलं, पण त्या बाईंना उणे अठराच्या आसपास नंबर लागला! भिंगाची घडण नैसर्गिक भिंगावर बेतलेली होती आणि ते प्रकाश गरजेपेक्षा फारच जास्त वाकवत होतं. समव्यावसायिकांनी रिडलींना वर्षानुवर्षं विरोध केला. शेवटी म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंगं बसली.

ती उणे अठराची चूक टाळायला आता ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजतात. आई त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसली होती तेव्हा मला ती नेहमीची एक तपासणी वाटली होती. पण नंतर किती स्वच्छ दिसणार याचा मोठा भाग तिथेच ठरतो. प्रौढ डोळा पुढून मागे साधारण साडेतेवीस मिलिमीटर. या मोजमापात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीननं चुकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना मोजणीआधी काही दिवस त्या बंद ठेवायला सांगतात, कारण लेन्सनं पारपटलाचा बाक बदललेला असतो. पूर्वी लेझरनं नंबर काढलेला असेल तर गणित अवघड होतं. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. डोळे कोरडे असतील तरी मोजणी फसते.

आणि सगळं अचूक मोजलं तरी एक गोष्ट आधी मोजता येत नाही: नवं भिंग नेमकं कुठे स्थिरावेल. रिकामी झालेली पिशवी पुढच्या काही आठवड्यांत आक्रसते आणि भिंगाला कवटाळते. त्यात ते केसभर पुढे किंवा मागे सरकतं आणि नंबर थोडा हलतो. चष्म्याचा पक्का नंबर महिना-दीड महिन्यानं काढतात तो यासाठी. तिरप्या नंबरासाठी टोरिक भिंग बसवलं असेल तर ते ठरल्या कोनातच राहावं लागतं. एक अंश फिरलं की सुमारे तीन टक्के गुण जातो आणि तीस अंश फिरलं तर काहीच उरत नाही.

आईच्याच दिवशी शेजारच्या काकांचंही ऑपरेशन झालं, त्याच डॉक्टरांकडे, तसंच भिंग. पंधरा दिवसांनी आई तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचू लागली आणि काका मधेच अडकले. ते खट्टू झाले. त्यांना वीस-बावीस वर्षं मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पडदा थोडा खराब आहे. पडदा म्हणजे दृष्टिपटल, डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचं अस्तर, जिथे चित्र उमटतं. खिडकीची काच कितीही लख्ख पुसली तरी भिंतीवरचा पोपडा तसाच राहणार. मधुमेहानं पोखरलेलं दृष्टिपटल, काचबिंदूनं वाळलेली नस, वयानं झिजलेला पिवळा ठिपका, लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा, यांतलं काही असेल तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दृष्टी तिथवरच येते. त्यात वाईट इतकंच की मोतीबिंदू फार दाट असेल तर डॉक्टरांनाही मागचा पडदा आधी नीट दिसत नाही. पिकायची वाट न बघायला हे आणखी एक कारण.

दृष्टिपटलाचं घड्याळ उशिरा वाजतं. चांगलं दिसू लागलेलं असताना चार-सहा आठवड्यांनी काहींना पुन्हा अंधूक दिसू लागतं. शस्त्रक्रियेनं डोळ्यात जी हलकी जळजळ पेटते, तिच्यामुळे पिवळ्या ठिपक्यात पाणी झिरपून सूज येते. मधुमेह्यांना याचा धोका जास्त. बहुतेकदा थेंबांनी ती उतरते. दिसायला लागलं की थेंब विसरायचे, ही आपली सवय इथे घातक ठरते. आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक थेंबाची खूण केली: आधी दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, असं उतरत्या भाजणीनं. तिच्या बोटांनी बाटली नीट दाबता येईना तेव्हा मी घालत असे. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडून, बाटलीचं टोक पापणीला न लावता.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नसतं. डोळा दुखू लागला, लाल झाला आणि दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला होत असेल-नसेल, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आतच प्रतिजैविकाचा थेंब सोडण्याची पद्धत आल्यापासून तो पुष्कळ घटला आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं लाखो शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून हे दाखवलं. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून स्वस्त भिंगं बनवायला घेतली, म्हणून आजीसारखा जाड चष्मा आता गावोगावी दिसत नाही. डोळ्यांपुढे चमका मारणं, काळे ठिपके अचानक वाढणं, बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं, ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणं. तिथेही तीच घाई हवी.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर होऊ लागलं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणतात. तो परत येत नाही, कृत्रिम भिंगाला मोतीबिंदू होत नाही. पिशवीच्या कडेशी मागे राहिलेल्या काही पेशी सरपटत मागच्या पापुद्र्यावर येतात आणि तिथे वाढतात. लेझरच्या काही स्पंदांनी त्या पापुद्र्याला मधोमध भोक पाडतात. पाच मिनिटांचं काम, छेद नाही, पट्टी नाही.

सगळ्यांत सावकाश चालतं मेंदूचं घड्याळ. लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी बहुकेंद्री भिंगं प्रकाश वाटून देतात, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी अशा लोकांचे मेंदू तपासले. तिसऱ्या आठवड्यात लक्ष एकाग्र करणारे भाग जोरात कामाला लागलेले होते. सहा महिन्यांनी ते निवले होते, आणि लोकांनाही कडी कमी जाचत होती. डोळ्यात काही बदललं नव्हतं.

याहून खोल गोष्ट मुलांची. १६८८ मध्ये आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यूनं जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याला पत्र लिहून विचारलं होतं: जन्मांध माणसानं हातानं गोळा आणि घन ओळखायला शिकलं असेल, तर दृष्टी आल्यावर न शिवता तो ते ओळखेल का? तीन शतकं हा नुसता वाद होता. अमेरिकेत एमआयटीत काम करणाऱ्या पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशनं उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांवर उपचार करताना याचं उत्तर शोधलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं होती. ऑपरेशननंतर लगेच, हातात घेतलेला ठोकळा समोरच्या दोन ठोकळ्यांतला कोणता हे त्यांना डोळ्यांनी सांगता येईना, बहुतेक अंदाजच. पण काही दिवसांतच, कुणी न शिकवता, येऊ लागलं. तरीही जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच करावं असं डॉक्टर म्हणतात. कारण पुढे कितीही चांगलं भिंग बसवलं तरी मेंदूची शिकायची ती वेळ पूर्णपणे परत येत नाही.

आईला शिकायचं नव्हतं, फक्त विसरायचं होतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं उपकरण गेलं. दोन्ही डोळ्यांनी दूध सारखंच. पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरायची ते थांबलं. झोपही बरी लागते म्हणाली; दिवस-रात्र ओळखणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशींना मुख्यतः निळा प्रकाश लागतो, तेव्हा तसं असूही शकेल.

चार महिन्यांनी मी दोरीवरचा बाबांचा सदरा दाखवून विचारलं, "अजून नीळ दिसते का गं?"

"कुठली नीळ?" ती म्हणाली. तिला ते आठवत होतं, पण दिसत नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला कसा दिसतो?"

मी चोपन्न वर्षांची आहे आणि माझ्या भिंगाचा गाभा त्याहून काही महिन्यांनी मोठा. मी एका डोळ्यापुढे हात धरला, मग दुसऱ्या.

"पांढरा," मी म्हणाले.